कुठेच न जाणारं शहर

आमच्या हरणाळ शहरात साडेचार लाख माणसं राहतात आणि त्यांतलं एकही माणूस कुठेच जात नाही.

हे माझं म्हणणं नाही. महापालिकेने गुरुवारी पाण्याच्या टाकीजवळ जो प्रवास-नकाशा (कुठली माणसं रोज कुठे जातात ते दाखवणारा नकाशा) लावला, त्याचं म्हणणं होतं. त्यात प्रत्येक घरातून एक रेघ निघायची आणि जेमतेम चारशे मीटरवर संपायची. लांबून बघितलं तर नकाशाला बारीक केस आल्यासारखे दिसत होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'हरणाळ, हाकेच्या अंतरावरचं शहर! सर्व नागरिकांचं अभिनंदन!'

मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात मागे सात नंबरची बस येऊन थांबली. तिच्यातून माणसं एकमेकांना ढकलत उतरली. त्यांत माझी आई होती, एक चप्पल पायात आणि एक हातात, कारण गर्दीत चपलेचा अंगठा तुटला होता. कुठेच न जाणारी माझी आई सकाळी सातला गेली होती आणि संध्याकाळी पावणेसातला परत आली होती. मला काही कळेना.

अभिनंदनाच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. आईने ती वाकून वाचली. 'कुंभारमळ्यातील रहिवाशांना लांब जावे लागत नसल्याने सात नंबरची बस एक तारखेपासून कुंभारमळ्यात येणार नाही. हरकत असल्यास सोमवारी साडेदहाच्या सभेत मांडावी.'

आई तुटकी चप्पल हातात घेऊनच घरी आली. हातपाय धुऊन ती आजोबांना म्हणाली, "आप्पा, बस बंद झाली तर मला कारखान्याजवळच खोली बघायला लागणार. शालूची शाळा पार दुसऱ्या टोकाला. हिला तेवढं वर्ष-दोन वर्षं आत्याकडं ठेवूया."

शालू म्हणजे मी, शाल्मली. इयत्ता सहावी. आत्या म्हणजे जयसिंगपूरची आत्या. ती चांगली आहे, पण आत्याकडे राहणं म्हणजे आई फक्त रविवारी भेटणार. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. राग काढायला समोर कोणीतरी लागतं. सुदैवाने तो अंगणातच उभा होता.

त्याचं सरकारी नाव 'प्रवास-नोंदक क्रमांक चार'. टपालपेटीएवढा उंच, तीन चाकं, पोटावर पडदा. महापालिकेने असे चार यंत्रमानव महिनाभर शहरात सोडले होते. चौथा आमच्या भागात होता आणि रात्री आमच्या ओसरीवरच्या प्लगवर आपली बॅटरी भरायचा. आजोबा त्याला 'चौथेसाहेब' म्हणायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते त्याचं आडनावच वाटत होतं.

"तू खोटारडा आहेस!" मी म्हणाले.

"मी खोटं बोलू शकत नाही," चौथेसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा गोड होता, त्यामुळे राग आणखी वाढायचा. "मी रोज सकाळी घरांच्या दारात उभा राहतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, 'नमस्कार, कुठे निघालात?' ते जे सांगतात तेच मी लिहितो. आम्हा चौघांची मिळून वीस हजार उत्तरं आहेत."

"मग बसमध्ये एवढी गर्दी कशी?"

"तोच गोंधळ माझाही आहे. महापालिकेचं म्हणणं, बस फुकट असल्यामुळे लोक हौसेने फिरतात."

आतून आईच्या हातातलं भांडं जोरात आदळल्याचा आवाज आला.

इथे तुम्ही विचाराल की सरळ बसची तिकिटं का मोजली नाहीत. कारण आमच्याकडे २०५० सालापासून बस फुकट आहे, म्हणून तिकीटच नाही. बसला चालक नाही, म्हणून 'ओळखीचा ड्रायव्हर' नाही. आणि कुणाच्या फोनवरून तो माणूस कुठे गेला हे चोरून बघायचं नाही, असा नियम झाला आहे. तो नियम चांगलाच आहे. कळायचं तर माणसाला विचारायचं, एवढा एकच रस्ता उरतो. चौथेसाहेब तेच करत होते. म्हणजे त्यांचं बरोबर होतं, आईच्या चपलेचंही बरोबर होतं आणि दोन्ही मिळून चूक होतं.

मी आजोबांकडे गेले. आजोबांनी सारा जन्म पाटबंधाऱ्यांच्या प्रयोगशाळेत काढला. कालव्यातून पाणी किती वेगाने जातं, वाटेत कुठे मुरतं, हे ते मोजायचे. शहराचं त्यांना काय कळणार, असं मला वाटलं. पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी खडूने फरशीवर एक गोल काढला. "हे आपलं हरणाळ, माझ्या लहानपणीचं. मधोमध पेठ. दवाखाना, शाळा, बाजार, हातमाग, सगळं पेठेत. लोक राहायचे भोवती. सकाळी सगळे आत जायचे, संध्याकाळी बाहेर यायचे. ह्याला म्हणायचं एककेंद्री शहर (ज्याचं सगळं कामकाज एकाच मध्याभोवती असतं)."

"आणि आता?"

"आता गाव वाढलं. पेठेत जागा उरली नाही. कारखान्यांना जागा मिळाली उत्तरेला, माळावर. तुझी शाळा गेली दक्षिणेला, ओढ्यापलीकडं. मोठा दवाखाना पश्चिमेला. भाजीबाजार हलवला बायपासला." प्रत्येक वेळी ते एक टिंब काढत गेले. "कुणी ठरवून केलं नाही. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला. झालं बहुकेंद्री शहर (ज्याला एक सोडून अनेक केंद्रं असतात). आणि घरं, कामं, शाळा, बाजार कुठंकुठं वसलेत, ती सगळी मांडणी म्हणजे शहराचं नगररूप. माणसं कशी हिंडणार हे नगररूप ठरवतं. पाणी जसं उताराचं ऐकतं तसं."

"मुंबई-पुण्यातही असंच असेल की."

"त्यांना जमिनीखालून गाड्या आहेत. आणि अगदी लहान गावात सगळं चालत होतं. आपण मधलं लेकरू. थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, मधल्याला कोण विचारतंय?" आजोबा स्वतः तीन भावांत मधले. हे वाक्य ते दर दिवाळीला म्हणतात.

मी खडूच्या टिंबांकडे बघत बसले. टिंबं तर लांब लांब होती. मग रेघा चारशे मीटरच्या कशा? समजायच्या ऐवजी माझा गोंधळ दुप्पट झाला.

शेवटी शुक्रवारी सकाळी मी शाळेला निघायच्या आधी अर्धा तास चौथेसाहेबांच्या मागे मागे फिरले.

पहिलं दार प्रियांकाआजींचं. त्या पर्स काखेला लावून, दाराला कुलूप लावून बाहेर पडल्या. चौथेसाहेब पुढे सरकले. "नमस्कार, कुठे निघालात?"

प्रियांकाआजींचं तोंड कडू झालं. त्या काही न बोलता मागे फिरल्या, कुलूप उघडून घरात गेल्या, खुर्चीवर बसल्या, दोन घोट पाणी प्यायल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. चौथेसाहेबांनी पुन्हा विचारलं.

"इथंच!" आजी खेकसल्या आणि तरातरा निघून गेल्या.

"बघ," चौथेसाहेब मला म्हणाले, "'इथेच'. शब्दकोशाप्रमाणे, जवळ. मी चारशे मीटर धरतो. पण त्या बाहेर पडून परत आत का गेल्या? महिनाभर हे चाललं आहे. मी त्याची नोंद 'पाणी पिण्यासाठी प्रवास, सहा मीटर' अशी केली आहे."

दुसरं दार जमादारकाकांचं. अंगावर कारखान्याचा निळा गणवेश, हातात तीन पुडाचा डबा. "कुठे निघालात?" "हे काय, इथंच जरा." असं म्हणून काका बसच्या मागे धावत सुटले. पुढच्या दारातली कॉलेजची ताई म्हणाली, "इथंच." त्यापुढचे काका मोठी बॅग ओढत होते. तेही इथंच निघाले होते.

आणि मला एकदम आठवलं. त्याच सकाळी उंबऱ्यावर चौथेसाहेबांनी मलाही विचारलं होतं. माझी शाळा साडेसहा किलोमीटरवर. मी काय सांगितलं होतं? 'इथंच.'

त्याला खोटारडा म्हणणारी मी! मला इतकी लाज वाटली की मी तिथेच, रस्त्याच्या कडेला बसले.

"अहो चौथेसाहेब," मी म्हणाले, "निघताना 'कुठे' विचारत नाहीत."

"का?"

"विचारलं की काम होत नाही."

"कसं होत नाही? प्रश्न आणि काम यांचा संबंध काय?"

ते मलाही माहीत नव्हतं. लहानपणापासून आई ओरडते म्हणून मी विचारत नाही, एवढंच. कुणी चुकून विचारलंच तर घरात जायचं, पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. घाईत असलो तर 'इथंच' म्हणून सुटायचं. आपण खोटं बोलतोय असं तेव्हा मनातही येत नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून चौथेसाहेबांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि ज्यांनी शिकवायचं, त्यांना हे इतकं सवयीचं की आठवलं नाही.

चौथेसाहेबांच्या पडद्यावरून उत्तरांची लांबलचक यादी सरकली. "म्हणजे आमची वीस हजार उत्तरं..."

"वाया गेली," मी म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं असं मला वाटलं, खरं तर त्यांना तोंड नाही.

संध्याकाळी आजोबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मग चष्मा पुसून म्हणाले, "पूर्वी आम्ही 'लांब निघालात का?' असं विचारायचो. पण त्याचं उत्तर नुसतं हो नाहीतर नाही. नकाशाला काय उपयोग? शालू, पाणी सोडताना कालव्याच्या दारावर आम्ही कधी विसंबलो नाही. दारावर जो तो सांगतो, माझ्या रानाला इतकं गेलं, तितकं गेलं. आम्ही संध्याकाळी शेवटच्या वाफ्याला जायचो आणि कुणाची माती किती ओली झालीय ते बघायचो. माप सुरुवातीला घ्यायचं नसतं, शेवटाला घ्यायचं."

मी त्यांच्याकडे बघितलं. चौथेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"घरी परतणाऱ्या माणसाला 'कुठून आलात?' असं विचारलेलं चालतं का?" त्यांनी विचारलं.

"चालतं म्हणजे!" आजोबा म्हणाले. "विचारून तर बघा."

आम्ही त्याच संध्याकाळी टाकीजवळच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. बस आली. जमादारकाका उतरले. "नमस्कार, कुठून आलात?"

काकांनी डबा बाकावर ठेवला, स्वतःही टेकले आणि बोलायलाच लागले. "कुठून येणार बाबा, कारखान्यातनं. पण सरळ येता येतंय व्हय? उत्तरेला कारखाना, उत्तरेलाच आपला मळा, मधी अडीच किलोमीटर, तोबी ट्रकांचा रस्ता, चालायची सोय न्हाई. पण बस आधी दक्षिणेला चौकात जाणार, तिथं बदलायची, मग वर. अडीचाचे अकरा किलोमीटर. लिव्ह लिव्ह, सगळं लिव्ह!"

मागे रांग लागली. प्रियांकाआजी तर दोनदा सांगून गेल्या, दुसऱ्यांदा राहिलेलं सांगायला. शुक्रवार, शनिवार, दोन संध्याकाळी मिळून चौथेसाहेबांनी सहाशे माणसांचं ऐकलं. त्यांनी बाकीच्या तिघांनाही निरोप पाठवला होता, पण सरकारी हुकमाशिवाय ते सकाळचा प्रश्न सोडायला तयार झाले नाहीत.

रविवारी चौथेसाहेबांनी ओसरीवर नवा नकाशा उघडला. मला वाटलं होतं, आता चित्र स्वच्छ होईल. घर ते काम, सरळ रेघ. पण नकाशा म्हणजे मांजराने खेळून टाकलेला लोकरीचा गुंडा.

"मी पुन्हा चुकलो," चौथेसाहेब हताश होऊन म्हणाले. "रेघा वाकड्या आहेत."

"थांबा," आजोबा म्हणाले. "एकच रेघ दाखवा. कुणाचीही."

एक रेघ पडद्यावर उजळली. कुंभारमळ्यातून निघून ती आधी पश्चिमेला दवाखान्याकडे गेली. तिथून दक्षिणेला, ओढ्यापलीकडे. मग उत्तरेला कारखाना. परतताना बायपासचा भाजीबाजार, पिठाची गिरणी आणि मग घर. पाच ठिकाणी गाठी. एकूण तेवीस किलोमीटर, तीन तास दहा मिनिटं.

"याला साखळी-प्रवास म्हणतात (एकाच फेरीत कामं उरकत, थांबत थांबत केलेला प्रवास)," चौथेसाहेब हळूच म्हणाले. ते त्यांच्या आतल्या माहितीत आधीपासून होतं, फक्त ते कशाला म्हणतात ते आता त्यांना दिसलं होतं. "साखळी जास्त करून बायकांची आहे. पुरुषांच्या रेघांना गाठी कमी."

"पण ही आहे कोण? दवाखाना, भाजी, दळण ठीक आहे. ओढ्यापलीकडे हिचं काय काम? तिथे तर फक्त माझी शाळा..."

मी बोलता बोलता थांबले. चौथेसाहेब नावं सांगत नाहीत, तसा नियम आहे. पण मला नाव लागलं नाही. शुक्रवारी आईच्या आधीच घराबाहेर पडून चौथेसाहेबांच्या मागे फिरण्याच्या नादात मी प्रयोगवही घरी विसरले होते. दुसऱ्या तासाला शिपाईमामांनी ती वर्गात आणून दिली. कुणी दिली, कशी आली, हे मी विचारलंही नव्हतं. आणि दवाखान्यातून आजोबांचं औषध आणायचं काम माझं होतं. तेही मी विसरले होते.

आई आत कणीक मळत होती. तिने ह्यातलं मला काहीच सांगितलं नव्हतं. शुक्रवारी मी थांब्यावरून परतल्यावर ती उशिरा घरी आली, तेव्हा मी तिला एवढंच विचारलं होतं, "जेवायला काय आहे?"

मला फार वाईट वाटलं. नकाशा बघून माणसाला रडू येऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आजोबांनी ते बघितलं, पण दाखवलं नाही. ते पडद्याकडे बोट करून म्हणाले, "आता कळलं का, शहर कसं हालतंय? रस्ते आणि बस अजून समजतायत की हे जुनंच एककेंद्री गाव आहे, म्हणून सगळ्यांना चौकात नेतायत. गाव मात्र कधीच बहुकेंद्री झालंय. दोघांची गाठ पडत नाही, त्यात माणूस भरडला जातो."

"मग उपाय काय? बस ठेवायची ना?"

"ठेवायचीच. पण ती चौकात न जाता कडेकडेनं फिरली तर? आणि औषधाचं एक छोटं केंद्र, एक गिरणी टाकीजवळ आली तर?"

चौथेसाहेबांनी गणित केलं. बस मळ्यातून थेट कारखान्याकडे, तिथून बायपास, दवाखाना, शाळा अशी गोल फिरवली आणि दोन गाठी टाकीजवळ आणल्या. ती रेघ तेवीस किलोमीटरवरून चौदावर आली. वेळ एक तास पंचवीस मिनिटं. बाकीचा पावणेदोन तास आईचा होता.

सोमवारी मी शाळेला चिठ्ठी देऊन सभेला गेले. वाहतूक विभागाच्या प्रमुख निंबाळकर मॅडम वाईट नव्हत्या, पण गोंधळल्या होत्या. त्यांनी दोन्ही नकाशे शेजारी लावले.

"एकीकडे वीस हजार उत्तरं, दुसरीकडे फक्त सहाशे," त्या म्हणाल्या. "मी सहाशेंवर विश्वास का ठेवू?"

मला वाटलं, झालं, आपण आत्याकडे. आईने माझा हात घट्ट धरला होता.

चौथेसाहेब पुढे सरकले. "मॅडम, आज सकाळी आठ चाळीसला क्रमांक दोनने आपल्याला आपल्या फाटकात प्रश्न विचारला. आपलं उत्तर उघड करायला आपली परवानगी आहे का?"

"आहे की. मी काय लपवणार?"

"आपण घरात परत गेलात. सहा मीटर. मग बाहेर येऊन 'इथंच' म्हणालात. आपलं घर या सभागृहापासून नऊ किलोमीटरवर आहे."

आधी कुणीतरी मागे खुदकन हसलं. मग प्रियांकाआजी हसल्या. शेवटी निंबाळकर मॅडमही डोक्याला हात लावून हसत सुटल्या. "पाणीसुद्धा प्यायले मी," त्या म्हणाल्या.

सात नंबर बंद करायचं रद्द झालं. गोल फिरणारी बस सहा महिने चालवून बघायची ठरली आणि चारही नोंदकांना संध्याकाळी विचारायचा हुकूम निघाला. 'हाकेच्या अंतरावरचं शहर' हा फलक उतरवला नाही. मॅडम म्हणाल्या, तो राहू दे, तसं व्हायला आपल्याला पंधरा-वीस वर्षं लागतील, पण कुठे जायचंय ते डोळ्यांसमोर असलेलं बरं.

चौथेसाहेबांचा एक गोंधळ मात्र अजून मिटलेला नाही. पाणी प्यायल्यावर काम कसं होतं, हे ते आजोबांना रोज विचारतात. आजोबा म्हणतात, "शास्त्रज्ञाला काही गोष्टी कळत नाहीत असं म्हणता आलं पाहिजे."

काल गोल बसचा पहिला दिवस होता. आई साडेपाचलाच उतरली, दोन्ही चपला पायात. चौथेसाहेब पुढे सरकणार एवढ्यात मी त्यांच्या आडवी उभी राहिले. तो प्रश्न आता आमच्या घरात माझा आहे.

"आई, कुठून आलीस?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पिशवी खाली ठेवून बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"बस," ती म्हणाली. "सगळं सांगते."